वजाबाई हयात आहेत

चार नंबरच्या शाळेला साखरबाईंचं नाव द्यायचं घाटतंय, ही बातमी मावशीला सकाळी दूधवाल्याने दारातच दिली. तिने पातेलं गॅसवर ठेवलं, शेगडीसमोर उभी राहिली आणि डोळ्यांदेखत दूध उतू जाऊ दिलं.

"मेल्यावरसुद्धा पहिला नंबर!" ओटा पुसता पुसता ती म्हणाली. "मेलेल्या म्हशीला मणभर दूध."

साखरबाई हे अर्थात पोरांनी ठेवलेलं नाव. त्या भाषा शिकवायच्या. मावशी गणित शिकवायची, आणि चुकलेल्या पायरीचा अर्धा गुणसुद्धा कापायची, म्हणून ती वजाबाई. दोघी एकाच वर्षी नोकरीला लागल्या. शिक्षकांच्या खोलीत एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून दोघींचे केस पांढरे झाले. भांडण एकदाही नाही. मावशीची तीच तर तक्रार होती. "भांडायला समोरचा माणूस उभा राहावा लागतो गं. ती गळ्यातच पडायची."

साखरबाईंच्या वाढदिवसाला टेबलावर पोरांनी केलेल्या कार्डांचा ढीग असायचा, आणि तो हळूहळू मावशीच्या बाजूला घसरायचा. मावशी फूटपट्टीने तो परत पलीकडे ढकलायची. साखरबाई निवृत्त झाल्या तेव्हा पोरं त्यांची पर्स उचलून फाटकापर्यंत रडत गेली. मावशी निवृत्त झाली तेव्हा एकाने विचारलं, "बाई, मग आता पेपर सोपा येईल का?"

आणि गेल्या वर्षी साखरबाई वारल्या, तर मयताला रस्ता बंद. तिथून घरी येऊन मावशी पाय धुताना म्हणाली होती, "माझ्या निरोप समारंभाला खुर्च्या परत पाठवाव्या लागल्या होत्या." दुःख होतं तिला, खरंच होतं. पण त्या दुःखाच्या पोटात दुखत होतं.

दूध उतू गेलं त्याच संध्याकाळी मुख्याध्यापक घरी आले.

"बाई, रविवारी सभा आहे. तुम्ही त्यांच्या जिवलग. दोन शब्द बोलायचे."

"दोनच ना?" मावशी म्हणाली. "नाव नको. हे दोन झाले."

मुख्याध्यापक हसले, कारण त्यांना तो विनोद वाटला.

रविवारी मावशी ठेवणीतली साडी नेसून निघाली. मी तिची भाची, गुडघा दुखतो म्हणून हात धरायला बरोबर. वाटेत तिने मला स्पष्ट सांगितलं, "मी विरोध करणार आहे. नंबर आहे तो पुरे. नंबराला कोणी मिठ्या मारत नाही."

सभा तिसरीच्या वर्गात होती. बाकं लहान, माणसं मोठी. सगळ्यांचे गुडघे हनुवटीला लागलेले. पालिकेचा कारकून फळ्यापाशी टेबल टाकून बसला होता. पुढच्या बाकावर साखरबाईंची मुलगी होती. दातांची डॉक्टर, आईसारखीच मान एका बाजूला कलती ठेवून ऐकणारी. मावशीने तिच्याकडे पाहिलं आणि मुद्दाम मागचं बाक गाठलं.

सुरुवात औषधवाल्याने केली. "नाव बदललं की शिक्के बदला, पाट्या बदला, पोरांच्या ओळखपत्रांवरचं बदला. चार नंबर म्हटलं की रिक्षावालासुद्धा बरोबर आणून सोडतो. कशाला नसता उद्योग?"

"बरोबर बोलला," मावशी पुटपुटली. "शाळेत माठ होता, पण आज बरोबर बोलला."

मग पार्लरवाली उठली. साखरबाईंनी तिला पहिली कविता कशी म्हणायला लावली, हे सांगता सांगता तिला हुंदका आला. मागोमाग आणखी दोघींना आला. वर्गात रुमाल फिरू लागले. मावशीचे ओठ फूटपट्टीसारखे सरळ झाले.

मग बसचा ड्रायव्हर उभा राहिला. धिप्पाड माणूस, पण आवाज खाली.

"माझे वडील तेव्हा दवाखान्यात होते. शाळा सुटल्यावर मला न्यायला उशिरापर्यंत कोणी यायचं नाही. साखरबाई माझ्याजवळ मागच्या पायऱ्यांवर बसून राहायच्या. घरी जायच्या नाहीत. मी रडू नये म्हणून मला भागाकार घालायच्या..."

"काय घालायच्या?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. मावशी उभी होती. गुडघा विसरून.

"भागाकार, बाई."

"भाषेच्या बाई भागाकार घालत होत्या?"

"हो ना," ड्रायव्हर भारावून म्हणाला. "एवढा जीव होता त्यांचा."

"तुझी पाण्याची बाटली निळी होती. झाकण हरवलेलं. त्यात तू वहीच्या कागदाचा बोळा कोंबायचास आणि मग ते लगद्याचं पाणी प्यायचास. मी तुला रोज ओरडायचे."

ड्रायव्हर बाक धरून पुरता तिच्याकडे वळला.

"ती मी होते," मावशी म्हणाली.

"नाही हो बाई," तो गडबडून म्हणाला. "तुमची तर मला भीती वाटायची."

"मग? भ्यायलेलं पोर पायरीवर बसत नाही का?"

तो कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिला. जणू तिच्या चेहऱ्यावरून एकेक वर्ष उतरवून ठेवत होता. मग हळूच म्हणाला, "तुम्ही छत्री आणायचात. काळी. माझ्यावर धरायचात आणि तुमचा खांदा भिजायचा."

"साडी आटायची," मावशी म्हणाली आणि खाली बसली.

वर्गात कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात औषधवाल्याने स्वतःच्या गालावर हात ठेवला.

"बाई, एक विचारू? नाटकाच्या तालमीत मला एक सणसणीत कानफटात बसली होती. मी इतकी वर्षं तुमच्याच नावाने..."

"मी नाटकाच्या तालमीला कधी पाऊल तरी ठेवलं का रे?"

"नाही."

"नाटक कोण बसवायचं?"

औषधवाल्याने साखरबाईंच्या मुलीकडे पाहिलं. ती कसंनुसं हसली. "आईचा हात लागायचा कधीकधी. मी खात्रीने सांगू शकते."

हसण्याचा एकच स्फोट झाला. मग जो तो आपापल्या आठवणी उलटूनपालटून पाहू लागला. सगळ्या वस्तीने जे गोड होतं ते साखरबाईंच्या खात्यावर आणि जे तिखट होतं ते मावशीच्या खात्यावर टाकलं होतं, कोणालाही न विचारता.

"मग असं करू या ना," पार्लरवाली उत्साहाने म्हणाली, "दोघींचं नाव देऊ या!"

कारकुनाने मान वर केली. "हयात व्यक्तीचं नाव देता येत नाही. नियम आहे."

वर्गातल्या सगळ्या माना मावशीकडे वळल्या. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण बसथांब्यावर माणसं रस्त्याच्या वळणाकडे बघतात ना, तशी ती बघत होती.

"माफ करा हं," मावशी म्हणाली. "राहून गेलं."

मुख्याध्यापकांनी घाईघाईने चहा जाहीर केला.

मावशी चहाला थांबली नाही. व्हरांड्यातल्या पोरांच्या नळापाशी गेली. तो नळ तिच्या कमरेच्याही खाली होता. वाकून ती नुसतेच हात धूत राहिली. मी काही बोलणार तोवर साखरबाईंची मुलगी मागून आली.

"काकू."

"तुझ्याशी माझं काही नाही बाळा. तू जा."

"आई तुमच्यावर फार जळायची."

पाणी वाहत राहिलं. "कोण?"

"आई. तुमच्यावर."

"उगाच काहीतरी."

"खरंच. म्हणायची, माझा तास घंटेबरोबर संपतो. हिचा तास पोरांबरोबर घरी जातो. तुमच्या वर्गावरून जाताना ती पाय न वाजवता जायची. आतली शांतता ऐकायला. तिच्या वर्गात कधी नसायची ना."

मावशी सरळ झाली. "हे ती कोणासमोर म्हणाली? पाहुण्यांसमोर?"

"छे. स्वयंपाकघरात. बाबांना."

"हसत म्हणाली?"

"भांडी आपटत."

मावशीने नळ बंद केला. "भांडी आपटत," ती हळूच म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की मी तिला पदर सावरायच्या निमित्ताने जवळून पाहून घेतलं. "एकदाच? की नेहमी?"

"निकाल लागला की दरवर्षी. तुमच्या विषयात कोणी नापास नसायचं."

मुलगी आत गेली. मावशी माझ्या कानाशी आली. "खोटं सांगत असेल का गं?"

"असेलही. आईच्या नावासाठी मतं हवीत तिला."

"हो ना. मलाही तेच वाटलं." चार पावलं चालून ती थांबली. "पण खोटं बोलणारी भांड्यांपर्यंत जाईल का? आपली म्हणेल, त्यांना आदर होता. ती भांड्यांपर्यंत गेली."

आत सगळे पुन्हा बाकांत घुसत होते. मुख्याध्यापकांनी जपून, जरा लांबूनच विचारलं, "बाई, तुम्ही दोन शब्द..."

मावशी पुढे गेली. पाठीमागे फळा आला तशी तिची पाठ आपोआप ताठ झाली आणि वर्ग चिडीचूप.

"नाव तिचं द्या," ती म्हणाली. "माझी हरकत नाही. पण मागच्या पायऱ्या माझ्या. उद्या कार्यक्रम कराल, भाषणं ठोकाल, तेव्हा त्या पायऱ्या पुन्हा तिच्या नावावर गेल्या, तर मी भर कार्यक्रमात उठून सांगेन."

"तुमच्याच आहेत, बाई," ड्रायव्हर मागून म्हणाला.

"आणि माझी कानफटात?" औषधवाल्याने विचारलं.

"ती तिची. ती कशाला मी घेऊ?"

कारकुनाने हात वर करायला सांगितलं. सगळ्यांत आधी मावशीचा हात वर गेला, सरळ, कोपर कानाला लावून, ती पोरांना शिकवायची तसा. साखरबाईंची मुलगी वळून पाहत होती. मावशीने तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. कारकून पेन्सिलीने एकेक बाक मोजत निघाला, मध्येच चुकला आणि पुन्हा पहिल्या बाकापाशी गेला.

"अहो, ओळी करून मोजा," मावशी म्हणाली. "हात दुखतोय माझा."