जमवलेलं रीडिंग

आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत निसर्गाचे नियम फक्त शुक्रवारी लागू व्हायचे. त्या दिवशी भिवंडीतले कापडाचे लूम बंद, म्हणून व्होल्टेज जागेवर, म्हणून मीटरचा काटाही जागेवर. बाकीचे दिवस काटा अंगात आल्यासारखा घुमायचा आणि आम्ही मुलांना सांगायचो, "मधला आकडा धरा." मुलं धरायची. मीही त्याच कॉलेजात त्याच काट्यावर शिकले होते, तेव्हा मला त्यात वावगं काही वाटत नसे.

काट्याचं एकवेळ ठीक, पण ब्युरेटला वीज लागत नाही. ती नुसती खुणांची काचेची नळी. तिच्यातून द्रावण थेंब थेंब सोडायचं, खालच्या पाण्याचा रंग पालटला की थांबायचं आणि किती सोडलं ते वाचायचं. तिथेही आम्ही परंपरा राखून होतो. प्रयोगशाळेचे सेवक, ज्यांना सगळं कॉलेज मामा म्हणायचं, द्रावणं स्वतः बनवत. त्यामुळे उत्तर त्यांना आधीच ठाऊक. परीक्षेच्या दिवशी ते फडकं घेऊन टेबलं पुसत फिरत आणि हळूच म्हणत, "साडेनऊच्या आसपास." लगेच वर्गभर साडेनऊ, नऊ पूर्णांक सहा, परत साडेनऊ. याला आमच्याकडे रीडिंग जमवणं म्हणत. ज्याला जमवता येत नसे त्याला आम्ही ढ समजत असू.

अशा या तीर्थक्षेत्री दोन हजारनंतरच्या कुठल्याशा वर्षी विद्यापीठाचं परिपत्रक आलं. पानं सहा, म्हणणं तीन ओळींचं: मुलांना प्रत्यक्ष काम करून शिकवा, संशोधन करा आणि ते कोणालाही फुकट वाचता येईल असं छापा. आमच्या विभागप्रमुखांनी ते चिमटीत धरून माझ्या टेबलावर ठेवलं. "हे तुम्ही बघा. तुमचं अजून लग्न नाही, वेळ आहे तुमच्याकडे."

मी चिडून विद्यापीठाकडे निधीसाठी अर्ज केला. माझ्या आयुष्यातली बरीचशी कामं मी चिडूनच केलेली आहेत. मग पाहणीला समिती आली. समितीने प्रयोगशाळा चार मिनिटं पाहिली आणि जेवण दीड तास. पण कोणाच्या पानावर बसून खोटं बोलू नये, विद्यापीठाने दिलं. नव्या ब्युरेटी दिल्या, रसायनं दिली, मुलांना गावोगाव फिरायला परवानगी दिली आणि इंटरनेटवर स्वतःचं एक नियतकालिकही सुरू केलं. त्याआधी मी परदेशी नियतकालिकांचे नुसते सारांश वाचायची, कारण पूर्ण लेख वाचायची आमच्या ग्रंथालयाची ऐपत नव्हती. हॉटेलाबाहेर उभं राहून वासावर जेवायचं, तसला प्रकार.

विषय मी साधा घेतला. पडघ्याच्या बाजूला तेव्हा गोडाऊनं उगवायला लागली होती. त्यांच्या आसपासच्या विहिरींचं पाणी पिण्याजोगं आहे का, एवढंच बघायचं. तिसऱ्या वर्षाची आठ मुलं घेतली आणि ज्याने त्याने आपापल्या गावचं पाणी आणायचं ठरलं.

त्यातली एक मुलगी पडघ्यापासून आत एका पाड्यावर राहायची. घर शेतकऱ्याचं, पण शेत आता नावापुरतं, बाप गोडाऊनात हमालीला. तिच्यासारखा हात मी नंतरही पाहिला नाही. रंग पालटायच्या बरोब्बर त्या थेंबाला ती नळी बंद करायची. बाकीचे लाल रंगाचा शिमगा झाल्यावर थांबायचे.

वर्षाअखेर निबंध झाला आणि विद्यापीठाच्या नियतकालिकात लागलाही. निष्कर्ष: तपासलेल्या सर्व विहिरींचं पाणी पिण्यायोग्य. वर माझं नाव, खाली आभारात आठ जणांची. मी छाती फुगवून सायबर कॅफेत प्रती काढायला गेले. कॅफेवाल्याने सगळी पानं मोजून विचारलं, "मॅडम, ये पूरा फ्री में है? कोई भी पढ सकता है?" मी ऐटीत म्हटलं, "कोई भी." कोण वाचेल याचा विचार काही माझ्या डोक्यात आला नाही.

दोनतीन महिन्यांनी ती मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, आमच्या पाड्यावर येणारी नळाची लाइन गेली."

"गेली म्हणजे?"

"खालच्या गावाला दिली. सरपंचांनी तुमचा लेख काडला नेटवरून. पंचायतीच्या फळ्यावर लावलाय. विद्यापीठ म्हणतं पाड्याच्या हिरीचं पानी चांगलं हाय, मग नळ कशाला?"

मी मूर्खासारखी म्हणाले, "बरोबरच आहे की. पाणी चांगलं असेल तर नळ कशाला?"

ती ओढणीच्या टोकाची गाठ सोडत राहिली. मग म्हणाली, "चांगलं न्हाय मॅडम. खारट हाय. मी रीडिंग जमवलं."

पाणी जितकं खारट तितकं रीडिंग मोठं, आणि बाकी सगळ्यांच्या विहिरींचं रीडिंग दोनच्या आसपास येत होतं. तिच्या पाड्याचं आलं अकरा पूर्णांक चार. तिने परत केलं, परत तेच. तिसऱ्यांदा, अकरा पूर्णांक पाच. मग तिने शेजारणीच्या वहीत डोकावून दोन पूर्णांक तीन लिहिलं.

"अगं, पण तीनदा तेच आलं ना!"

"तुम्हीच सांगितलेलं मॅडम, पहिल्या वर्षाला. सगळ्यांपेक्षा लांब रीडिंग आलं की आपला हात चुकला समजायचं."

सांगितलं होतं. शब्दशः सांगितलं होतं, आणि वर डस्टर आपटलं होतं.

"आणि घरी त्याच विहिरीचं पाणी ना? चव कळत नव्हती तुला?"

"कळते ना. पन चव वहीत लिवायची नसते."

त्या विहिरीचं पाणी ते धुण्याभांड्यालाच वापरत. प्यायचं पाणी तिची आई हायवेच्या पलीकडच्या हातपंपावरून आणायची, दोन हंडे डोक्यावर, ट्रकांच्या मधून, दिवसाला तीन खेपा. नळ आला असता तर त्या खेपा संपणार होत्या. त्या माझ्या फुकट वाचायच्या लेखामुळे चालू राहिल्या. मला इतकी शरम आयुष्यात दुसऱ्यांदा वाटलेली नाही.

मी विभागप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, "छापून आलं ना? मग उकरता कशाला? आपलीच लाज आपण वेशीवर टांगायची?" विद्यापीठात गेले. तिथल्या कारकुनाने दोन कपाटं उघडली, बंद केली आणि सांगितलं की लेख छापण्याचा फॉर्म आहे, लेख चुकल्याचा नाही. असा प्रसंग आजवर आला नव्हता म्हणे. म्हणजे एवढ्या मोठ्या विद्यापीठात चुकणारी मी पहिलीच. मानाचा नारळ द्यायला हवा होता.

नियतकालिकाच्या संपादक बाई मात्र निराळ्या निघाल्या. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "चूक सगळ्यांना फुकट वाचायला दिली ना आपण? मग दुरुस्तीही तशीच देऊ. लेखाच्या डोक्यावर, तुमच्या नावाने. पण आधी पाणी परत तपासा." दुरुस्तीपायी माझी पीएचडीची नोंदणी वर्षभर लटकली. विभागप्रमुख पुढे कितीतरी दिवस मला "सत्यवादी" म्हणत, आणि ते कौतुक नव्हतं.

पाणी परत तपासलं ते विहिरीच्या काठावरच. स्टँड दगडावर ठेवला, ब्युरेट लावली, मामा पांढरी बशी धरून उभे. मी त्यांना आधीच दम भरला होता, "आज आसपास काही म्हणायचं नाही." ते दुखावून म्हणाले, "हे पाणी काय मी बनवलंय?" मुलीने नळी सोडली. पाड्यावरच्या बाया पदर तोंडाला लावून बघत होत्या. रसायन घालून पिवळ्या केलेल्या पाण्यात विटकरी छटा आली, हात थांबला. अकरा पूर्णांक सहा. मग परत, मग परत. बाकीच्या मुलांच्या विहिरीही मी फिरून तपासल्या. आणखी दोघांनी जमवलं होतं. तेही दुरुस्तीत गेलं.

दुरुस्ती लागली त्याच आठवड्यात मी प्रत घेऊन पंचायतीत गेले. मुलगी आणि तिची आई बरोबर होत्या. सरपंच माणूस वाईट नव्हता, पण नळाची लाइन एक आणि मागणारे तीन. त्यांनी माझा कागद घेतला, फळ्यावरचा जुना काढून शेजारी ठेवला आणि दोन्हींवरचं नाव ताडून पाहिलं.

"मॅडम, आदीचा कागद पन तुमचाच, आताचा पन तुमचाच. आमी कंचा खरा धरायचा?"

मी तोंड उघडलं. पद्धत, नमुने, तीन वेळा घेतलेलं रीडिंग, सगळं सांगायला लागले. जुन्या कागदातही हेच सगळं छापलेलं होतं, हे बोलता बोलता माझ्याच ध्यानात आलं आणि मी अडखळले.

मुलीच्या आईने पिशवीतून पाण्याची बाटली काढली. मला वाटलं सरपंचांना देतेय. तिने ती माझ्यासमोर धरली.

"मॅडम, तुमी पिऊन सांगा."

वर्षभर त्या विहिरीच्या पाण्याच्या बाटल्यांना मी चिकटपट्ट्या लावल्या, तक्ते केले, निबंध लिहिला. ते पाणी तोंडात मात्र कधी घेतलं नव्हतं. प्रयोगशाळेत काही चाखायचं नसतं, हे मी कॉलेजात असल्यापासून पाळत आले होते. सगळे माझ्याकडे बघत होते. मी मोठा घोट घेतला.

तो गिळवेना. थुंकायची सोय नव्हती. कसाबसा घशाखाली ढकलला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच काही मिठामुळे नव्हतं. ही बाई हेच पाणी तोंडात धरून बघत आली असणार, आणि मी तिच्या पोरीला शिकवलं होतं की तुझाच हात चुकला.

मी काही बोलायच्या आत सरपंचांनी माझा चेहरा नीट पाहिला, शिपायाला हाक मारली आणि पाड्याचा जुना अर्ज काढायला सांगितला. दुरुस्तीचा कागद तसाच टेबलावर राहिला. तो त्यांनी वाचलाच नाही.