तळघराचा निळा कोपरा

आमच्या तळघरात पाणी आलं की घरात सगळ्यात आधी मला कळायचं. कारण वर पाहुणे आले की मी खाली जाऊन बसायचे. पाहुण्यांशी काय बोलावं हे मला सुचत नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. कोणी ‘पावणेतीन’ म्हणालं की मी अजूनही क्षणभर थांबते, आणि तेवढ्यात समोरचा माणूस हसायला लागतो. तळघरात ही भीती नव्हती. तिथे एक जुनी लाकडी खुर्ची होती, मागच्या भिंतीत वर दोन खिडक्या होत्या, आणि भर उन्हाळ्यातही फरशी गार असायची.

केडगावात पुणे रस्त्यापासून थोडं आत, उताराच्या प्लॉटवर आमचं घर आहे. त्यामुळे तळघर पुढच्या बाजूने पूर्ण जमिनीत आणि मागच्या बाजूने अर्धं उघडं आहे. घर बांधलं तेव्हाच ते आईचं म्हणून ठरलं होतं. तिला तिथे शिवणवर्ग काढायचा होता: सहा मशिनी, मधे कटिंगचं टेबल, एका भिंतीला आरसा. मशिनी तिने एकेक करून जमवल्याही होत्या. त्या वरच्या हॉलमध्ये चादरी पांघरून उभ्या असायच्या आणि येणारा प्रत्येक माणूस सोफ्यापर्यंत पोचायच्या आत एकीला तरी गुडघा आपटून घ्यायचा.

पण पावसाळ्यात तळघराचा पुढचा कोपरा पाझरायचा. आधी भिंत काळपट दिसायची, मग प्लास्टरला घाम फुटायचा, मग फरशीवर पाणी पसरायचं. कधी घोट्यापर्यंत. आई आणि मी सुपलीने बादल्या भरायचो. पप्पांनी दोन वर्षांत दोनदा वॉटरप्रूफिंगवाले आणले. पहिल्याने आतून केमिकलचे हात मारले, दुसऱ्याने भिंतीला भोकं पाडून सिमेंटचं पाणी भरलं. दोघांनीही जाताना आता काळजी नको म्हणून सांगितलं, आणि दोन्ही वेळा पाण्याने त्यांचं ऐकलं नाही.

गेल्या जूनमध्ये तिसऱ्यांदा पाणी आलं तेव्हा पप्पांनी जेवताना जाहीर केलं की या पावसाळ्यात आणखी एकदा जरी फरशीवर पाणी आलं, तर तळघर मुरमाने भरून टाकायचं. ओल चढून पायाच खचला तर सगळं घर जाईल. आईने हॉलमधल्या मशिनींकडे पाहिलं आणि ताटातली भाकरी उगाच चार तुकड्यांत मोडली.

इथे पप्पांच्या शोषखड्ड्याबद्दल सांगायला हवं. पप्पा शाळेत भूगोल शिकवतात. घर बांधल्यावर एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी फाटकाशेजारी दहा फूट खोल खड्डा स्वतः उभं राहून खणून घेतला, काही भाग तर स्वतःच्या हाताने खणला. त्यात खाली मोठे दगड, वर विटांचे तुकडे, वर वाळू. गच्चीचा पाइप त्यात सोडला. त्या वर्षापासून आमच्या बोअरचं पाणी उन्हाळ्यात आटलं नाही. आमच्या नगरकडे ही साधी गोष्ट नाही. घरी आलेल्या माणसाला चहा मिळायच्या आधी शोषखड्डा बघावा लागायचा. तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना, टाकी धुतलेलं पाणी खड्ड्याला; रस्त्यावर थेंब जाता कामा नये. पाणी कमी पडेल याची तयारी आमच्या घराने सगळ्या बाजूंनी केली होती. ते जास्त होईल असं मात्र कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

मी तळघरात बसून दुसरं काही करत नव्हते, म्हणून भिंतीवर पेन्सिलने ओलीच्या खुणा करायचे. कुठल्या दिवशी कुठपर्यंत चढली. मग तेच वहीत आलेखाच्या कागदावर उतरवायचे. त्यात एक गोष्ट दिसत होती. पाऊस पडला त्या दिवशी कोपरा कोरडाच असायचा. ओल दुसऱ्या दिवशी चढायची.

जूननंतर पाऊस बेताचाच झाला आणि ओल भिंतीवरच राहिली. ऑगस्टच्या शेवटी तर आठवडाभर पाऊस नव्हता. अशा कोरड्या आठवड्यात गुरुवारी सकाळी कोपऱ्यात फरशीवर पाणी होतं. बुधवारी पप्पांनी गच्चीवरची टाकी धुतली होती.

मी वर जाऊन फाटकापाशी उभी राहिले आणि पावलांनी अंतर मोजलं. खड्डा आणि तळघराची भिंत यांच्यात माझी दीड पावलं होती. आणि खड्ड्याचा तळ तळघराच्या फरशीच्याही खाली जात होता.

पप्पांना हे सांगायचं कसं? त्यांना कोणी चूक म्हटलं तर ते रागावत नाहीत, गप्प होतात, आणि ते जास्त अवघड असतं. त्या संध्याकाळी त्यांनी ते पाणी पाहिलं आणि मिस्त्रींना फोन केला. किती मुरूम लागेल ते बघायला रविवारी या म्हणाले.

शनिवारी मिस्त्री दुसरीकडून येता येता सहज डोकावले. हे पाथर्डीकडचे, आमच्या घराचं बांधकाम यांनीच केलेलं. पप्पा शाळेत होते. मी मिस्त्रींना वही दाखवली. त्यांनी आलेख उलटा धरला, मग सुलटा केला, मग माझ्याकडे पाहिलं.

“ताई, मला ठाऊक हाय,” ते म्हणाले. “खड्डा खनला तवाच मी म्हनलो हुतो, लई जवळ हाय. सर म्हनले, बोअर जवळ पायजे.”

मी म्हटलं, “मग काका, तुम्हीच सांगा ना त्यांना.”

“मी सांगितलं तर म्हनतील, मिस्त्रीला काम पायजे. तुमी घरच्या. तुमी सांगा.”

ते गेले. मी स्वयंपाकघरात गेले आणि आईला म्हटलं की मला निळीची बाटली हवी आहे. आईने कशाला ते विचारलं नाही. खालच्या फळीवरून बाटली काढली आणि किती लागेल एवढंच विचारलं.

“सगळी,” मी म्हटलं.

“मग तुझ्या पप्पांचे शर्ट पिवळे राहतील,” ती म्हणाली, आणि मग थोडं थांबून, “राहू देत.”

त्या दिवशी नळाला पाणी यायचा वार होता. टाकी भरली की वरून सांडणारं पाणी पाइपाने खड्ड्यात जातं. मी वाळू थोडी बाजूला केली, अख्खी बाटली आत ओतली आणि वाळू पुन्हा सारखी केली. आईने मोटार नेहमीपेक्षा बराच वेळ चालू ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा तिने पाणी मुद्दाम वाहू दिलं. दर दोन मिनिटांनी ती गच्चीकडे पाहून कानाला हात लावत होती.

रविवारी पप्पा आणि मिस्त्री टेप घेऊन तळघरात उतरले. आई आणि मी पायऱ्यांवर उभ्या राहिलो. मी सकाळपासून तीनदा जाऊन पाहून आले होते.

पप्पांनी टेपचं टोक कोपऱ्यात धरलं आणि ते तिथेच थांबले. भिंतीच्या घामाला रंग आला होता. फिकट, पण सरळ सरळ निळा. खाली फरशीवर हातभर निळं डबकं होतं. पप्पांनी बोट लावलं, वास घेतला, बोट खिडकीच्या उजेडात धरलं.

“हा प्रयोग कुणाचा?” त्यांनी विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या वतीने ती कितीदा बोलली आहे. पण या वेळी ती बोलली नाही.

“माझा,” मी म्हटलं.

पप्पांनी हात पुढे केला. मी वही दिली. त्यांनी जूनपासूनच्या सगळ्या खुणा बघितल्या, टाकी धुतल्याचा बुधवार बघितला. मग खिशातून पेन काढून आलेखाच्या उभ्या रेघेशेजारी काहीतरी लिहिलं आणि वही परत दिली. मी उंची कशात मोजली ते लिहायला विसरले होते. त्यांनी ‘सेंटिमीटर’ लिहिलं होतं.

मिस्त्रींना राहवलं नाही. “सर, जलमभर पोरांना शिकवलं, पानी उताराकडं जातं म्हनून. त्यानं तुमचं बी ऐकलं बगा.”

पप्पा आधी गप्प झाले. मला वाटलं, आता दोन दिवस असेच जातील. मग त्यांच्या खांद्यांना कसलासा झटका बसला आणि ते हसायला लागले. निळ्या बोटाने चष्मा काढून, डोळे पुसत, भिंतीला टेकून. नाकावर निळा डाग उमटला, तो कोणी सांगितला नाही.

मुरूम आलाच नाही. नवा शोषखड्डा मागे, उताराच्या टोकाला, कडुनिंबाच्या पलीकडे खणला. जुन्यातले दगड, विटा, वाळू तिकडे नेली आणि गच्चीचा पाइपही तिकडे वळवला. भिंत बाहेरून उघडी करून तिला प्लास्टर केलं आणि खड्ड्याच्या रिकाम्या जागेत चिकणमाती थर देऊन ठोकून बसवली. पप्पा रोज शाळेतून आले की पायजमा दुमडून माती ठोकायचा धुमस हातात घ्यायचे. मिस्त्री म्हणायचे, सरांना जरा आस्ते घ्यायला सांगा, माती हाय, पोरं न्हाईत.

कोपरा सुकला. पण खरी परीक्षा परतीच्या पावसाची होती. तो आला तो तीन दिवस आला. पहिल्या दिवशी आई शिंप्याचा खडू घेऊन तळघरात गेली आणि फरशीवर चौकोन आखायला लागली. प्रत्येक मशिनीचा एक. पाणी आलं तर हे सगळं पुसून जाईल, असं मी म्हटलं. आई म्हणाली, तेच तर बघायचंय.

दुसऱ्या दिवशी कोणी पाहुणे नव्हते, तरी आम्ही तिघंही खालीच बसलो होतो. पप्पांनी शेंगदाणे आणले होते. गच्चीचं पाणी मागच्या पाइपातून धो धो जाताना ऐकू येत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी खाली गेले. खडूच्या रेघा जशाच्या तशा होत्या. फक्त एका चौकोनावर मांजराच्या पावलांचे ठसे होते.

खंडेनवमीला सहा मशिनी आपापल्या चौकोनात उभ्या राहिल्या आणि आईने त्यांना हळद-कुंकू लावून झेंडू वाहिले. कात्र्या, टेप, खडू, सगळं पाटावर मांडलं. पप्पांनी त्यात हळूच निळीची रिकामी बाटलीही ठेवली. पुढच्याच आठवड्यात वर्ग सुरू झाला. भिंतीला रंग दिला, पण कोपऱ्यातला निळा डाग आईने रंगवू दिला नाही.

त्या डागाखाली तिने सातवा चौकोन आखला होता. मी विचारलं हा कशाचा, तर म्हणाली, तुझ्या खुर्चीचा. आता पप्पा पाहुण्यांना आधी मागचा खड्डा दाखवतात आणि मग तळघरात आणून निळा कोपरा. तळघराला जिना एकच आहे, त्यामुळे पळायला जागा नाही. गोष्ट पप्पाच सांगतात. मला मधे फक्त एकदा ‘माझा’ म्हणायचं असतं, आणि ते मला आता बऱ्यापैकी जमतं.