शेजाऱ्यांच्या मोटारीत हवा शिरते

समस्त निगडीकरांना कळवण्यास आनंद होतो की, आमच्या शेजाऱ्यांच्या मोटारीत अखेर हवा शिरली.

हे गृहस्थ कंपनीत टाइमकीपर. काहीही सांगण्याआधी चष्मा काढून पुसतात आणि म्हणतात, "यात शास्त्र आहे, राव!" त्यांनी जुनी मोटार घेतली खरी, पण पावसात काचा लावल्या की आत इतकं कोंदायचं, की वहिनींना हमखास मळमळायचं. शेवटी वहिनींनी बजावलं, "आज चाकणला माहेरी धड पोचले तर ठीक. नाहीतर ही विका, मी एसटीनं जाईन."

समोरच्या काचेखाली हवेची झडप होती. ती सताड उघडूनही वारा म्हणून येत नव्हता. शेजाऱ्यांनी मला मागे बसवलं आणि हातात पेटती उदबत्ती दिली. "धूर कुठं जातो ते ओरडून सांगा!"

मोशीपर्यंत धूर जागचा हलला नाही. वहिनींनी तोंडाला पदर लावला. तेवढ्यात ते गरजले, "तुमच्याकडची काच बोटभर खाली घ्या!"

मी घेतली. धूर माझ्या नाकासमोरून थेट बाहेर पळाला आणि झडपेतून गार वारा भसाभसा आत घुसला.

"आतले उतरल्याशिवाय बाहेरचे चढणार कसे?" एका हातानं चष्मा काढत ते ओरडले. "आपल्या बसचाच नियम आहे हा!"

वहिनींनी तोंडावरचा पदर काढून कानांभोवती घट्ट गुंडाळला.

"अहो, लावा ते झाकण, कुडकुडायला लागले मी!"