आक्षेप: शिकाऊ खिळे सरळ करतो

चर्र.

आवाज एवढाच झाला. जंबूर माझ्या हातात होता, जंबुराच्या तोंडात चामड्याची कड होती, आणि बाकीचं चामडं होतं तिथेच, लाकडी फर्म्यावर राहिलं होतं. संघपाल, म्हणजे या दुकानातला शिकाऊ, माझ्यासमोर पाटावर बसला होता. त्याचे उस्ताद हबीबभाई दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन दारात उभे होते. आणि मी? शिकाऊंना नियमाप्रमाणे शिकवलं जातं की नाही, हे तपासायला आलेला सरकारी इन्स्पेक्टर. बूट फाडणारा मीच.

संघपालनं आधी माझ्याकडं बघितलं, मग उस्तादाकडं, आणि मग अतिशय गंभीर चेहऱ्यानं हातातल्या खिळ्याकडं. चेहरा हसत नव्हता. खांदे मात्र हलत होते.

हबीबभाईंनी कप खाली ठेवले. फाटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "साब, चाय पिऊन घ्या. थंडी होऊन राह्यली."

गोष्ट नव्वदच्या दशकातली, चंद्रपूरची. नोकरीला मला जेमतेम वर्ष झालं होतं. त्या वयात माणसाला आपण खात्याचा कणा आहोत असं वाटतं. माझा कणा जरा जास्तच ताठ होता.

माझं काम थोडक्यात सांगतो. अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ. मालक आणि शिकाऊ यांच्यात रीतसर करार होतो आणि आमचं ऑफिस त्याची नोंद ठेवतं. कोणत्या महिन्यात काय शिकवायचं याचा छापील तक्ता असतो. शिकाऊनं रोज काय केलं ते लॉगबुकात लिहायचं. कामाची वेळ ठरलेली. आठवड्याची सुट्टी सक्तीची. जादा वेळ थांबवायचं तर ऑफिसची लेखी परवानगी. हे सगळं मला पाठ होतं. शिवाय बूट बनवण्याचा डिप्लोमाही माझ्याजवळ होता, थिअरीत पहिला नंबर. प्रॅक्टिकलचं कुणी विचारत नसे, आणि मीही आपण होऊन सांगत नसे.

हबीबभाईंचं दुकान जटपुरा गेटच्या आतल्या गल्लीत होतं. एक खोली, एक दार, भिंतभर टांगलेले फर्मे. त्या शनिवारी दुपारी मी गेलो आणि लॉगबुक मागितलं. संघपाल कुरखेड्याकडचा, बाविशीतला, अक्षर मोत्यासारखं. त्या मोत्यासारख्या अक्षरात पानामागून पान लिहिलेलं: खिळे सरळ करणे. खिळे सरळ करणे. चामडे भिजवणे. खिळे सरळ करणे.

"हबीबभाई, हे काय? तीन महिने नुसते खिळे?"

"हो साब. वाकडे खिळे सरळ करून राह्यला पोट्टा."

"बाजारात नवे मिळत नाहीत का?"

"मिळते ना. पण नवा खिळा आधीच सरळ असते. त्याच्यातून हा काय शिकन?"

मी सरळ तक्ता काढला. तिसऱ्या महिन्यात 'लास्टिंग' असं छापलेलं होतं. लास्टिंग म्हणजे पायाच्या आकाराच्या लाकडी फर्म्यावर बुटाचं वरचं चामडं चढवायचं, जंबुरानं कड ताणायची, आणि ती तळाला बारीक खिळ्यांनी अडकवायची. बुटाला पायाचा आकार येतो तो इथं. मी आक्षेप लिहायला घेतला. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचूनही दाखवला. त्याबरोबर कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, जादा कामाची परवानगी, सगळी कलमं वाचली. हबीबभाई शांतपणे ऐकत होते.

"दस्तखत करतो साब. आधी चाय सांगून येतो," असं म्हणून ते बाहेर गेले.

इथं माझी बुद्धी फिरली. समोर ठिय्यावर एक बूट अर्धा झालेला होता, फर्म्यावर चामडं नुसतं बसवून ठेवलेलं. मी कोट काढला आणि जंबूर उचलला.

"इकडं बघ संघपाल. तीन महिन्यांत जे शिकवलं नाही, ते तीन मिनिटांत दाखवतो."

"साहेब, तो नोका घेऊ. तो मडावी बाईचा हाय. अजून भिजवला नाई त्याले..."

"अरे, बघ तर."

मग चर्र.

मडावी बाई कोण, हे मला चहा संपायच्या आत कळलं, कारण त्या स्वतःच दारात आल्या. बारीक चणीच्या, तिशीच्या आतल्या, खांद्याला पिशवी. लहानपणी पोलिओ झालेला. डावा पाय तीन बोटं आखूड. पायात जुना बूट होता, त्याचा जाड तळ उकलला होता आणि सुतळीनं बांधलेला होता.

"चाचा, झाला का?"

"होते बाई. उद्या सांजच्याले या."

"उद्या नक्की द्या बरं. सोमवारी सकाळची गाडी हाय माही. मंगळवारी शाळेत हजर नाई झाली त ऑर्डर जाते हातची. अन् पाणी पडलं का भामरागड तुटते. मंग ना गाडी, ना डोंगा. उतरल्यावर पुढं दोन कोस चालत जा लागते, तुमाले त माहीत हाय."

"माहीत हाय बाई. म्हणून त दोन महिन्यापासून तुमचा फर्मा खाली काढून ठेवला."

बाई खाली वाकून बघणार, तेवढ्यात हबीबभाईंनी फाटक्या बुटावर माझा कोट टाकला. बाई गेल्या. मी कोटाकडं बघत राहिलो. आश्रमशाळेवर पहिली नेमणूक, पक्की नोकरी, आणि ती माझ्या कोटाखाली फाटून पडलेली.

"आता?" मी विचारलं.

"आता टोपी." हबीबभाईंनी कपाटातून काळ्या चामड्याचा एक तुकडा काढला. त्याच चामड्यातला उरलेला. पूर्ण पंजाला पुरणारा नव्हता, फक्त दोन बुटांच्या बोटांवर पुरेल एवढा. "फाटलं तेवढं कापून टाकायचं, अन् बोटावर वेगळी टोपी शिवायची. असे बूट येते साहेब लोकाचे."

"मग डाव्याला टोपी लावली की झालं."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं जरा कडक नजरेनं पाहिलं. "साब, लोक आधीच त्या पायाकडं पाह्यते. आता एकाच बुटाले टोपी लावली त आणखी पाह्यन. दोनी सारखे पाह्यजे." उजवा बूट तयार होऊन कपाटात होता. म्हणजे त्याचीही पुढची शिलाई उसवणं आलं. एका बुटाचं काम दोन बुटांचं झालं.

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले.

"संघपाल, घरी जाय."

"चाचा, मी थांबतो ना. दोन हात..."

"नाई. साबनं आताच वाचून दाखवलं. पाच म्हणजे पाच. अन् उद्या इतवार, हप्त्याची छुट्टी."

"हबीबभाई," मी घाईनं म्हणालो, "परवानगी मी देतो."

"लेखी?"

"लेखीला आमच्या मोठ्या साहेबांची सही लागते."

"मोठे साब कुठी हाय?"

"गडचिरोलीला. दौऱ्यावर. सोमवारी येतील."

"मंग बसा," ते म्हणाले, आणि संघपालच्या पाटाकडं बोट केलं.

मी बसलो. त्यांनी माझ्यापुढं पत्र्याचा डबा सरकवला. वाकड्या खिळ्यांचा.

खिळा सरळ करणं सोपं वाटतं. लोखंडी ठोकळ्यावर खिळा आडवा धरायचा, उंचवटा वर ठेवायचा, आणि हातोडीनं टिचकी मारायची. जोरात मारली तर तो दुसरीकडं वाकतो. हळू मारली तर तसाच राहतो. पहिल्या तासात मी अकरा खिळे सरळ केले आणि दोन बोटं सुजवली. हबीबभाईंनी अकरापैकी सात पुन्हा डब्यात टाकले.  

अंधारायच्या आत त्यांनी मला हाकललं. "उद्या नऊले या. वेळेवर. लेट झाले त लॉगबुकात लिहिन."

रविवारी मी नऊला पाच कमी असताना हजर होतो. समोरच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर धुतलेला शर्ट घालून, भांग पाडून संघपाल बसला होता.

"तू इथं काय करतोस? सुट्टी आहे ना?"

"सुट्टीच हाय साहेब. चाय पिऊन राह्यलो. त्याले परवानगी लागते काय?"

दिवसभर तो तिथं बसला. गल्लीची रुंदी एवढीच की टपरीवरून दुकानातलं सगळं दिसावं आणि सगळं ऐकू यावं. त्यानं कामाला हात लावला नाही. तोंड मात्र लावलं.

"साहेब, हातोडी मागून धरा, गळा नोका आवळू तिचा!"

"साहेब, तो खिळा हाय, साप नाई. काऊन डोळे मिटता?"

टपरीवरची दोन-तीन माणसंही शिकवू लागली. चंद्रपुरात एवढे चर्मकलेचे जाणकार आहेत हे आमच्या ऑफिसच्या नोंदीत कुठंच नव्हतं.

दुपारी हबीबभाईंनी टोपी शिवून झालेलं चामडं भिजवलं. थोड्या वेळानं बाहेर काढून माझ्या हातात दिलं. "आपल्या कानाची पाळी धरा. आता हे धरा. सारखं लागते?"

"थोडं कडक लागतं."

"मंग अजून भिजू द्या. कानाच्या पाळीसारखं झालं का मंग ताणायचं. तुमी काल सुकं ताणलं."

भिजवल्याशिवाय ताणू नये हे माझ्या डिप्लोमाच्या पुस्तकात होतं. मी त्यावर पाच मार्कांचं उत्तरही लिहिलं होतं. कानाची पाळी मात्र त्यात नव्हती.

मग त्यांनी ताणायला घेतलं. एका हातात जंबूर, तोंडात खिळ्यांची रांग, दुसऱ्या हातात हातोडी. नजर चामड्यावर, खिळ्यावर नाहीच. प्रत्येक खिळा एका टिचकीत अर्धाच आत जात होता, कारण शिलाई झाल्यावर तो परत काढायचा असतो. तेव्हा माझ्या सुजलेल्या बोटांना कळलं. डोळे चामड्यावर ठेवून हातोडीला अर्धा खिळा मारता यायचा असेल, तर हातोडी आधी हाताची झाली पाहिजे. तीन महिने म्हणजे त्यांनी पोराला सवलतच दिली होती.

जाड तळाचे थर ठोकताना ते म्हणाले, "घ्या, टाचेचे चार खिळे तुमी मारा."

"मी?"

"इथी फाटायसारखं काई नाई."

मी चार खिळे मारले. टपरीवरून टाळ्या पडल्या.

संध्याकाळी मडावी बाई आल्या. बूट घातले. फीत बांधली. गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. त्या वेळात आम्ही तिघांनी, म्हणजे टपरीवरच्या संघपालनंही, श्वास घेतला नाही.

"टोपी कोणं सांगितली चाचा? मी त नाई सांगितली."

मी घसा साफ केला. कबुलीजबाब जिभेवर आला होता.

"या साबची आयडिया," हबीबभाई म्हणाले. "डिप्लोमावाले हाय."

"चांगली दिसते. हेडमास्तरणीसारखी." बाई हसल्या, माझ्याकडं बघून "येतो साहेब" म्हणाल्या, आणि गेल्या. शिव्या खाल्ल्या असत्या तर हलकं वाटलं असतं. ती शाबासकी मला बरेच दिवस चावत होती.

आक्षेप मी फाडला. त्याऐवजी लिहिलं: 'खिळे सरळ करणे हा प्रशिक्षणाचा आवश्यक भाग असल्याचे प्रत्यक्ष कामावरून दिसून आले.' प्रकरण मिटलं असं मला वाटलं. पण महिनाअखेरीस लॉगबुकं ऑफिसात तपासणीला येतात, हा नियम मी विसरलो होतो. मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"बोरकर, हे काय आहे? वाचा."

संघपालचं मोत्यासारखं अक्षर. 'वार: रविवार. शिकाऊ: सरकारी साहेब. काम: खिळे सरळ करणे. उस्तादांचा शेरा: मेहनती आहे. अजून तीन महिने लागतील.' खाली हबीबभाईंची उर्दूतली सही.

"हे सरकारी साहेब कोण?"

"मी, सर."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. "साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम केलंत. परवानगी घेतली होती?"

"नाही, सर."

"पुढच्या वेळी घ्या," ते म्हणाले आणि पानाखाली 'पाहिले' असं लिहून सही केली. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसातला शिपाईसुद्धा टेबलाचा निघालेला खिळा माझ्याकडंच आणून देऊ लागला.

संघपाल पुढं ट्रेड टेस्ट पास झाला. कुरखेड्याला त्याचं दुकान आहे. शिकाऊही आहेत आणि वाकड्या खिळ्यांचा डबाही आहे. तपासणीला गेलो की तो डबा मुद्दाम माझ्या खुर्चीजवळ ठेवायचा. हबीबभाई आता नाहीत. त्यांचे फर्मे संघपालनं नेले. त्यातल्या एकावर खडूनं 'मडावी बाई' असं अजून लिहिलेलं आहे.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत बाई चंद्रपूरला आल्या होत्या. योगायोगानं मी दुकानातच होतो. पावसाळाभर बूट वापरलेले, चिखलाचे डाग मुरलेले, पण शिलाई जिथल्या तिथं.

"लय चांगले चालले चाचा. फक्त डाव्या टाचेत एक खिळा वर येऊन राह्यला. टोचते."

हबीबभाईंनी बुटात बोट घातलं, खिळा चाचपला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "शिकाऊचं काम हाय बाई. माफ करून द्या. त्याचा करार अजून पुरा नाई झाला."

त्यांनी तो उपटला आणि माझ्या तळहातावर ठेवला. वाकडा होता. मी पाटावर बसलो आणि ठोकळा पुढं ओढला.

नोकरीत मी पुढं शेकडो दुकानं तपासली. लॉगबुकात शिकाऊ फालतू काम करतो असं दिसलं, की आक्षेप लिहिण्याआधी मी ते काम स्वतः एकदा करून बघायचो. तपासण्यांना वेळ लागायचा. आक्षेप फार कमी निघायचे. त्याबद्दल मला दोनदा लेखी विचारणाही झाली.