अर्धा शिवलेला बंपर

पुढून ठोकर बसलेली पांढरी गाडी रस्त्यात दिसली की माझा पाय आजही थांबतो. नोकरी संपून काही वर्षं झाली. खुनाची, दरोड्याची प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत, पण हे एक साधं अपघाताचं प्रकरण जसंच्या तसं समोर उभं राहतं. त्यात गुन्हेगार सापडला, आरोपपत्र वेळेत गेलं, वरिष्ठांनी पाठ थोपटली. कागदावर काही चुकलेलं नाही. चूक कागदाबाहेर झाली आणि ती माझी आहे.

मी तेव्हा निपाणी भागातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. मूळचा खानापूर तालुक्यातला. घरी मराठी, ठाण्यात कानडी आणि राग आला की दोन्ही, असा माझा कारभार. एके दिवशी दिवेलागणीला कोगनोळीजवळ हायवेच्या सर्व्हिस रोडवर अपघात झाल्याची खबर आली. तंबाखूच्या वखारीतलं काम आटोपून घरी निघालेल्या एका बाईला पांढऱ्या गाडीनं उडवलं होतं. गाडी थांबली नाही. बाई दवाखान्याच्या वाटेवरच गेली.

जागेवर पंचांसमक्ष महजर केला. आमच्याकडे पंचनाम्याला महजरच म्हणतात. हेडलाइटचा चुरा सापडला आणि पांढऱ्या बंपरचा तळहाताएवढा एक तुकडा. त्याला एका बाजूला फॉग लॅम्पच्या गोल भोकाची कड होती. तुकडा पाकिटात घालून सील केला. कॅमेऱ्यात लहान पांढरी गाडी दिसली, नंबर मात्र दिव्यांच्या झगमगाटात पुसून गेला होता. तसल्या पांढऱ्या गाड्या आमच्या जिल्ह्यात किती असतील ते विचारूच नका.

त्या बाईचा नवरा दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ठाण्यात येऊन बाकावर बसायला लागला. काही विचारायचा नाही. दुपारपर्यंत बसायचा आणि जायचा. आरडाओरडा करणाऱ्या माणसाला तोंड देता येतं, गप्प बसणाऱ्याला देता येत नाही. माझी घाई तिथून सुरू झाली.

पांढऱ्या गाडीची बातमी आम्ही ठाण्याच्या नंबरासकट पेपरात दिली होती. सहाव्या दिवशी बेळगावच्या शहापूर भागातून फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही.

"साहेब, आमच्या गल्लीत एकजण गाडीचं तोंड ठोकत बसलाय. पांढरी गाडी हाय. गॅरेजला न्हेलीच न्हाय की ओ, समदं घरातच चाललंय. काल अमावस्या, माग बंद. दिवसभर नुसतं ठाकठूक, ठाकठूक."

शहापूर म्हणजे विणकरांची वस्ती. एरवी गल्लीत मागांचा असा खडखडाट असतो की शेजारी शेजाऱ्याला हाक मारून थकतो. अमावस्येला मागांना सुट्टी असते, तेव्हा कुठं गल्लीला बाकीचे आवाज ऐकू येतात. मी मनाशी म्हटलं, नेमका सुट्टीच्या दिवशी सापडला गडी. माझ्या हुशारीचं मला कौतुक वाटलं. या वाक्यात काय चुकलंय ते मला पुढं दुसऱ्यानं सांगावं लागलं.

साध्या कपड्यात हवालदाराला घेऊन गेलो. अरुंद गल्ली, पुढं दोन माग चालू, मागं फरसबंदी अंगण. तिथं बॉनेट काढलेली गाडी उभी होती. साठीकडं झुकलेला विणकर मांडीवर बंपर घेऊन बसला होता. शेजारी पातेल्यात कढत पाणी होतं. प्लास्टिकवर ते ओतायचं आणि आत गेलेला पोचा आतून दाबून बाहेर काढायचा, असं चाललं होतं. बॉनेट घडी घातलेल्या जुन्या लुगड्यावर पालथं टाकून लाकडी हातोड्यानं सरळ केलेलं. पुट्टी, पॉलिश पेपर, सगळं ओळीनं मांडलेलं. आणि बंपरला आडवी गेलेली चीर त्यानं तापल्या सुईनं भोकं पाडून तांब्याच्या तारेनं शिवली होती. टाके एकासारखे एक. वीतभर चीर अजून उघडी होती, तिथले सुटे तुकडे एका पिशवीत होते.

मी ओळख दिली. तो उठून उभा राहिला, हात पुसले.

"गॅरेजला का नाही दिली?" मी विचारलं.

"माग मोडला तर आमीच बशिवतो साहेब. ह्यो तर पत्रा."

"मग हे उरलेलं का ठेवलंय?"

"त्याला दोन माणसं लागत्यात. मी भाइरनं तार घालणार, आतनं ओढून घ्यायला दुसरं कोण तरी पायजे. ताणा मागावर चढवताना बघा, एकानं मागनं दोरा द्याचा, एकानं फुडनं घ्याचा. पोरगं कारखान्यातनं आलं की बसतो दोघं. चार दिस झालं, रोज सांच्याला बसतोय."

हे सांगताना त्याचा चेहरा खुलला होता. मुलानं माग सोडून उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर नोकरी धरली, तेव्हापासून दोघांत फारसं बोलणं राहिलं नव्हतं, असं त्याच्याच बोलण्यात आलं. गाडी मोडली आणि बाप-लेक पुन्हा एका कामाला बसले. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मला ठोकर कधी बसली तेवढंच हवं होतं.

त्यानं बोटं मोजून दिवस सांगितला. अपघाताचाच दिवस. मुलगा गाडी घेऊन खानापूरकडं गेला होता, येताना म्हशीला चुकवायला गेला आणि ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर आदळला, असं त्यानं बापाला सांगितलं होतं. माझ्या अंगातला पोलीस ताडकन उठून बसला. खानापूर एकीकडं, निपाणी दुसरीकडं. पण खानापूरला गेलो असं तोंडानं सांगायला काय लागतं?

गाडी, बंपर, तुकड्यांची पिशवी, सगळं जप्त केलं आणि बापाला ठाण्यात आणलं.

चौकशीची एक जुनी युक्ती आहे. ती कुठल्या नियमात लिहिलेली नाही, पण प्रत्येक ठाण्याला पाठ असते. समोरच्याला सांगायचं की दुसऱ्यानं सगळं कबूल केलंय. मी ती कैक वेळा वापरली होती आणि बहुतेक वेळा ती फळाला आली होती. हात न उगारता माणूस बोलता करतो, याचा मला अभिमान होता. नव्या पोरांना मी ती शिकवायचोसुद्धा.

"आप्पा," मी शांतपणे म्हटलं, "तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे. त्यानं सगळं सांगितलंय. बाई कशी आडवी आली, तो कसा घाबरला, सगळं. जागेवर सापडलेला तुकडा तुमच्या बंपरला जुळलाय. म्हैस फक्त तुमच्यासाठी होती."

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. मुलगा त्या वेळी कारखान्यात आपल्या लेथवर उभा होता. त्याला आणायला गाडी नुकतीच निघाली होती. तुकडा अजून सीलबंद पाकिटातच होता.

विणकरानं आपल्या बोटांकडं पाहिलं. तांब्याच्या तारेनं ती कापली होती.

"बाई वारली व्हय?"

"वारली."

"लेकरं हायती?"

"आहेत."

त्यानं डोळे मिटले. मग म्हणाला, "गाडी मी चालवत हुतो साहेब. पोरगं न्हवतं. लिवून घ्या."

अपघात रस्त्याच्या कुठल्या बाजूला झाला, हे त्याला सांगता आलं नाही. बाईनं काय नेसलं होतं, तेही नाही. तो खोटं बोलतोय हे पहिल्या मिनिटातच कळलं. पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, ती गोष्ट वेगळी. पण बाप मुलासाठी खोटं बोलतोय, म्हणजे मुलगा गुन्हेगार, असा सरळ हिशोब मी मांडून टाकला. बापाला हे मीच पढवलं होतं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

तीन-चार तासांनी मुलाला आणलं. पंचविशीचा, शिडशिडीत, हाताला ऑइल. तो डगमगला नाही. कुठली मोरी, पलीकडं कुणाचं चहाचं दुकान, म्हैस कुठून आली, सगळं त्यानं न अडखळता सांगितलं. "कठड्याला पांढरा रंग लागलाय साहेब, जाऊन बघा की." मी जाऊन बघायला हवं होतं. त्याऐवजी मी बापाला आत बोलावलं आणि दोघांना समोरासमोर बसवलं.

"तुझे वडील म्हणतात गाडी ते चालवत होते," मी म्हटलं. "कुणाला वाचवतायत ते?"

 मुलगा बापाकडं वळला.

"आप्पा, असं म्हणालासा तुमी?"

"मी भरतो रं काय असल ते. तू घरला जा. आईपाशी जा."

"म्हंजे तुमाला वाटलं, मी बाई मारली आन् तुमाला म्हशीचं सांगितलं?" त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आन् चार दिस तुमच्यासंगं बसून तार वडत हुतो, असा हाय मी?"

बापानं माझ्याकडं पाहिलं. तुम्हीच सांगितलंत ना, असं त्या नजरेत होतं. मी फायलीत डोकं घातलं. त्यानंतर मुलगा एक शब्द बोलला नाही. मी डायरीत लिहिलं, 'संशयित उत्तरं देण्याचं टाळतो.' ते वाक्य माझ्या अक्षरात आजही त्या फायलीत असेल.

दुसऱ्या दिवशी हवालदारानं मला मागं बोलावलं. निवृत्तीला आलेला, कमी बोलणारा माणूस. त्यानं पंचांना बोलावून माझ्यासमोर पाकिटाचं सील फोडलं. जप्त केलेला बंपर सतरंजीवर ठेवला होता आणि पिशवीतले तुकडे उघड्या चिरेत एकेक करून बसवले होते. नखाएवढी कपचीसुद्धा उरली नव्हती, की कमी पडली नव्हती.

"साहेब, ह्या लोकांच्या हातनं दोऱ्याचा तुकडाबी खाली पडून ऱ्हात न्हाई. पोरानं मोरीपाशी बसून समदं येचून आणलंय. बंपर पुरा हाय. मग आपल्याला घावलेला तुकडा बसवायचा कुठं?"

दोन्ही फॉग लॅम्पच्या कडा जागच्या जागी होत्या. आमचा तुकडा तिथला नव्हताच.

"आन् एक बोलू?" तो म्हणाला. "लपवायचं असतं तर माग चालू असताना ठोकलं नसतं व्हय? कुणाच्या कानाला गेलं असतं? अमावस्येला समदी गल्ली ऐकतीया हे त्याला ठावं न्हाई?"

 माझ्यापुढं पहिल्यापासून पडलेली गोष्ट मी उलटी वाचली होती. आम्ही त्याच दुपारी खानापूर रस्त्यावर गेलो. कठड्याच्या दगडावर पांढरा रंग होता. चहावाल्या बाईला दिवस, वेळ, म्हैस, सगळं आठवत होतं. म्हैस तिच्या दिराचीच होती. बाप-लेकाला संध्याकाळी सोडलं. एकाच गाडीतून घरी पोचवतो म्हटलं, तर मुलगा म्हणाला, "मी बसनं जातो."

खरी गाडी आठवड्याभरात सापडली. हद्दीपलीकडच्या एका गॅरेजमध्ये, नवा बंपर, रीतसर पावती. मालक बडा माणूस होता, त्यानं लपवलं काहीच नव्हतं, गाडी नुसती दुरुस्तीला टाकली होती. आमचा तुकडा त्याच्या काढून टाकलेल्या बंपरला चपखल बसला. बाईचा नवरा ठाण्यात आला, माझ्या पाया पडायला वाकला. मी मागं सरलो. त्या दिवशी कुणी पाया पडावं असा मी नव्हतो.

कोर्टाच्या हुकमानं गाडी परत द्यायला मी स्वतः शहापूरला गेलो. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो आणि मागितली. विणकरानं चहा दिला.

"तुमी तुमचं काम केलासा साहेब," तो म्हणाला. "पोलीस काय बी सांगणार. मी बाप हाय. मी कसा ऐकलो?"

मुलगा तोवर पुण्याला गेला होता. आईला फोन करायचा. आई फोन बापापुढं करायला लागली की तिकडून ठेवून द्यायचा.

त्यानंतर मी ती युक्ती कधी वापरली नाही. नव्या पोरांना शिकवायची तर नाहीच. सहकारी म्हणायचे, साहेब मऊ झाले. मऊ नाही झालो. ठाण्यातलं आपलं खोटं चौकशी संपली की संपतं, अशी माझी समजूत होती. ते ऐकणाऱ्याच्या घरी जातं आणि तिथं राहतं. खोटं होतं असं नंतर कितीही वेळा सांगितलं तरी एकदा ते खरं मानलं होतं, हे पुसता येत नाही. बापानं मुलाला वाचवण्यासाठी तुरुंगात जायची तयारी दाखवली, आणि तेवढ्यानंच मुलगा कायमचा दुखावला. ही गाठ मी घातली आणि ती मला सोडवता आली नाही.

मागच्या वर्षी एका लग्नासाठी शहापूरला गेलो होतो. पाय आपोआप त्या गल्लीत वळले. अमावस्या नसूनही त्या घरातला एकच माग चालू होता. अंगणात गाडी होती. बॉनेट, हेडलाइट नीट बसवलेले. बंपरवर ते तांब्याचे टाके हिरवट पडले होते आणि वीतभर चीर तशीच उघडी होती.

विणकर आता वाकला होता. मला ओळखून त्यानं बसायला खुर्ची दिली. मी म्हटलं, "आप्पा, तार असली तर आणा. मी आतून ओढतो. होऊन जाईल तेवढं."

तो हसला. राग नव्हता त्यात.

"नगं साहेब," तो म्हणाला. "ती जागा त्याची हाय."