पापडासारखी वाळवलेली फरशी

जळगावात मेहरूणच्या आमच्या घराखाली एक गॅरेज आहे. गाडी बाहेर कडुनिंबाखाली उभी असते, कारण गॅरेजात इतकी वर्षं अडगळ होती आणि यंदा तिथं बायकोचा शिवणवर्ग भरायचा होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला सुरुवात, आठ जणींना निरोप गेलेले, मशिनी व्हरांड्यात येऊन पडलेल्या. अडचण एकच, खालचा कोबा. झाडला की सिमेंटची पूड उडायची, आणि कुणाच्या ब्लाउजपिसावर ती बसलेली बायकोला चालणार नव्हती. ‘फरशीचं माझ्याकडे लागलं,’ असं मी म्हणून टाकलं. मला कोणी विचारलं नव्हतं.

धुळ्याला माझ्या मेहुण्याचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज आहे. त्यानं तिथं स्वतःच्या हातानं इपॉक्सीचा थर दिलाय. ऑइल सांडलं तरी फडक्यानं पुसून घेतो. फोनवर त्यानं मला सगळं समजावलं. दोन डबे येतात, एकात राळ, दुसऱ्यात तिला घट्ट करणारं हार्डनर. एकत्र केले की घाई करायची, म्हणून थोडं थोडंच कालवायचं. ऊन उतरून फरशी निवायला लागली की मगच लावायचं, नाहीतर तापत्या कोब्यातली हवा वर येते आणि थराला फोड धरतात. आणि फरशी कोरडी ठाक हवी. मी हो हो करत ऐकलं आणि मनात म्हटलं, धुळ्याच्या माणसानं जळगावकराला ऊन शिकवू नये.

आमच्या गच्चीवर पापड, कुरडया, मिरच्या, सगळं भर दुपारी वाळतं. इपॉक्सी कोण लागून गेली? तिला वाळायचं नसतंच, दोन्ही डब्यांतल्या ऐवजांनी एकमेकांना धरून घट्ट व्हायचं असतं, आणि उकाड्यात त्यांना दम निघत नाही, हे ज्ञान मला पुढं झालं.

आखाजीला चार दिवस उरले होते. बाराच्या ठोक्याला शटर वर केलं, दोन्ही डबे एकाच बादलीत रिकामे केले आणि कोपऱ्यातून रोलर फिरवायला घेतला. चटईएवढी जागा झाली असेल नसेल, बादली हाताला कढत लागली. मग तिच्यातून धूर निघाला. रोलर बुडवला तो वर आलाच नाही. बादली, रोलर आणि इपॉक्सी असं जे एकसंध शिल्प तयार झालं, ते मी बायको वर आहे तोवर गाडीमागे नेऊन ठेवलं आणि दुसरे डबे आणि रोलर आणायला बाजारात गेलो.

चुकीतून मी शिकतो, हे माझं वैशिष्ट्य. या वेळी शिकलो ते असं, की जागा गार पाहिजे. दुसऱ्या दिवशी हॉलमधला कूलर ओढत खाली आणला, टाकी काठोकाठ भरली आणि दुपारीच काम काढलं. थोडं थोडं कालवलं, अख्खी फरशी झाली. राखाडी, आरशासारखी. थराला सुख लागावं म्हणून दुसऱ्या सकाळपर्यंत कूलर बंद केला नाही, मध्ये दोनदा पाणीही भरलं.

सकाळी बघतो तर फरशी ताकासारखी पांढुरकी, मधूनमधून फोड, आणि चप्पल टेकवली तर ती तिथंच राहायला तयार.

फोटो पाठवल्यावर मेहुणा आखाजीच्या आदल्या दिवशी एस्टीनं हजर झाला. खाली बसून त्यानं बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, मग कूलरकडे.

“दाजी, हाऊ कूलर कोनी लावा?”

“तूच म्हणालास ना, गार पाहिजे.”

“फरशी गार म्हनेल व्हतं मी. ओली नही. हाई बठ्ठं पानी शे.”

सगळं पाणीच होतं ते. ओल्या थरावर कूलरची दमट हवा बसत गेली होती. म्हणजे मी फरशीला पंधरा-वीस तास नेमानं पाणीच मारत होतो. मागं बायको उभी होती. ती टेप घेऊन वर गेली आणि हॉल मोजायला लागली.

आखाजीला वर्ग ठरल्याप्रमाणे सुरू झाला, हॉलमध्ये. सोफा गच्चीवर गेला, टीव्ही भिंतीकडे तोंड करून बसला, आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर.

मेहुणा चार दिवस राहिला. माझा थर त्यानं खरवडला, फरशी घासून कोरडी केली आणि एका संध्याकाळी, पाखरं परतायच्या वेळी, तासाभरात नवा थर दिला. मला त्यानं शटरच्या बाहेर खुर्ची टाकून दिली होती.

आठवड्यानं फरशी दगडासारखी पक्की झाली. मी मोठ्या रुबाबात बायकोला बोलावलं, म्हटलं, हलवा आता वर्ग. तिनं दाराशी चप्पल काढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आली, वाकून हात फिरवला.

“सुंदर झालीय हो,” ती म्हणाली. “पण बायका म्हणतात, वर उजेड चांगला आहे. तुम्ही सोफा इथं आणून टाका. तुमचीच बसायची सोय नव्हती.”