शेवटच्या डब्यातला नवरा

आमचे दयाराम मामा मालगाडीचे गार्ड होते. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी ते गाडीतून उतरलेले नाहीत. ऑटोत बसले तरी मान मागे वळवून बसतात. अशा माणसानं कॉम्प्युटरवर चित्र काढायचं ठरवलं तेव्हा मी स्पष्ट सांगितलं होतं, हे तुमच्यानं व्हायचं नाही. घरात माझं कोणी ऐकत नाही, तो भाग वेगळा.

कारण झालं भीमा मामीचं. लग्नाला चाळीस वर्षं होणार म्हणून साक्षीनं, त्यांच्या नातीनं, काय गिफ्ट हवं ते विचारलं. मामी म्हणाली, "मले आमचा जोडीचा फोटो पायजे. तरुणपणचा."

आता तो आणायचा कुठून? लग्नात फोटो काढले मामांच्याच चुलतभावानं, आणि फोटो नीट आले की नाही हे बघायला त्यानं भर मांडवात कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. अख्खा रोल गेला. पुढे वाढदिवस, बारशी, वास्तू, सगळ्या फोटोंत मामी आहे, तिच्या शेजारी रिकामी खुर्ची आहे, आणि मामा भाटापारा स्टेशनाच्या पुढे कुठेतरी सिग्नलची वाट बघत उभे आहेत. मामी हे कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली, आणि दोन दिवस मामांची जेवताना मान वर झाली नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी साक्षीच्या जुन्या लॅपटॉपवर फुकटात मिळणारं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं. भांडवल काय, तर मामीचा शिवण क्लासच्या सर्टिफिकेटवरचा फोटो आणि मामांचा रेल्वेच्या पहिल्या ओळखपत्रावरचा. त्यांच्या गालावर रबरी शिक्का होता, तो पुसण्यातच एक आठवडा गेला. पण दोन चेहरे नुसते शेजारी चिकटवून गप्प बसतील तर ते मामा कसले! लग्नानंतर त्यांनी मामीला विमानात बसवायचं कबूल केलं होतं, ते राहून गेलं होतं. म्हणून चित्र असं ठरलं: आमच्याच शहरातल्या तेलीबांधा तलावावर संध्याकाळचं आकाश, आकाशात हत्तीएवढा हंस आणि हंसावर दोघं. खांद्याखालचं शरीर दोघांनाही नव्हतं. मामीला साक्षीचं मिळालं आणि मामांना माझं. त्यासाठी मला अर्धा तास अंगणात स्टुलावर घोड्यावर बसल्यासारखी मांड टाकून बसवलं होतं. आमच्या समता कॉलनीतल्या निम्म्या लोकांनी ते पाहिलं.

या सॉफ्टवेअरात चित्र थरांचं बनतं. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत, तसं. वरच्या कागदावर जे असेल त्यानं खालचं झाकलं जातं. साक्षीनं हे तीनदा समजावलं. मामा म्हणाले, "म्हणजे डबेच हायेत ना हे."

मामा हंसाचं एकेक पीस पडदाभर मोठं करून घासत बसायचे. साक्षी म्हणायची, "आजोबा, ज़ूम आउट करके एक बार पूरा तो देखो."

"गाडी सोडाच्या आधी कोनी हेलिकॉप्टरातून पाहते काय?" मामा म्हणायचे.

मग छपाईला देण्याआधी त्यांनी थरांची यादी शिस्तीत लावली. सगळ्यात वर हंस, इंजिन म्हणून. मग मामी, ढग, तलाव, आकाश. आणि सगळ्यात खाली स्वतः. गार्ड शेवटच्या डब्यात. चाळीस वर्षांची सवय! फाइल सेव्ह केली आणि समाधानानं शंकर नगरला राकेशच्या फ्लेक्सच्या दुकानात देऊन आले.

लग्नाच्या वाढदिवसाला अंगणात तीसेक माणसं जमली. राकेशनं फ्लेक्स उलगडून भिंतीला बांधला. पंचवीस वर्षांची मामी हंसावर बसून तलावावरून चालली होती. तिच्यामागे हंसाची पाठ रिकामी होती. कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं.

मामा जवळ गेले. रिकाम्या जागेवर बोट फिरवलं. "मी आकाशाच्या मांगं गेलो," ते म्हणाले. मला हसू फुटलं, पण त्यांचा चेहरा बघून माझीच मला लाज वाटली. महिनाभर डोळे फोडून त्यांनी पुन्हा तीच रिकामी खुर्ची छापून आणली होती.

मामी पदर खोचत पुढे आली. "बराबर तं हाये," ती म्हणाली. "मी फोटोत, अन् हे ड्युटीवर." सगळे हसले. मामा हसले नाहीत. तेव्हा तिनं माझ्याकडे वळून फर्मान काढलं, "पाहून काय राहिला? स्टूल आन."

मामांना स्टुलावर चढवलं आणि त्या रिकाम्या पाठीसमोर मांड टाकून बसवलं. स्टूल मी धरलं होतं. माझ्यावर विश्वास नाही म्हणून मामीनंही धरलं. साक्षीनं मोबाइलवर फोटो काढला.

पुढच्याच आठवड्यात मामांनी चूक दुरुस्त करून दुसरा फ्लेक्स छापून आणला. दोघंही तरुण, दोघंही हंसावर, गालावर शिक्क्याचा डागसुद्धा नाही. तो सध्या गच्चीवरच्या कूलरवर पांघरलेला आहे. बैठकीत लावलाय तो स्टुलाचा फोटो. त्यात मामी दोनदा आहे, एकदा हंसावर आणि एकदा खाली स्टूल धरून. मामा एकदाच आहेत, टक्कल आणि घामासकट.

परवा मामा पाहुण्यांसमोर कुरकुरले, "त्या दुसऱ्यात मी चांगला दिसतो, तो काहून नाई लावत?"

"तो पोट्टा कोन हाये, मले नाई मालूम," मामी चहा ओतत म्हणाली. "तो कधी घरी होता? मले तं हा भेटला, रिटायर झाल्यावर."